ट्रेमोलो: थरथर नेमकी कशाची?

नागपूरच्या महाल भागात माझ्याकडे मेंडोलिन शिकायला आलेला पोरगा पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, ते ट्रेमोलो शिकवा नं." म्हटलं, तुला काय समजलंय ते आधी दाखव. गड्याने डाव्या हाताचं बोट तारेवर दाबून गदागदा हलवलं. अरे, हा व्हायब्रेटो झाला!

म्हणून आधी शब्द सांगतो. इटालियनमध्ये ट्रेमोलो म्हणजे थरथरणारा. तो आला लॅटिनच्या ट्रेमेरेवरून, म्हणजे थरथर कापणे. भूकंपाच्या बातमीतला 'ट्रेमर' त्याच घरातला. 'ट्रेमेंडस'सुद्धा. ज्याच्यापुढे कापरं भरावं, असा त्याचा मूळ अर्थ. आपण तो पिक्चर चांगला निघाला तरी वापरतो.

ट्रेमोलोत सूर जागचा हलत नाही. तोच सूर भराभर छेडायचा, किंवा त्याचा आवाज लहानमोठा करायचा. व्हायब्रेटोत सूरच वरखाली होतो. दरबारी रागातल्या कोमल गंधाराचं आंदोलन, म्हणजे त्याचं हळुवार झुलणं, त्याच बाजूचं. आपल्याकडे ट्रेमोलोच्या जवळचं काही असेल तर सरोदचे 'दिर दिर' बोल, म्हणजे तारेवरचे झटपट खाली-वर आघात. गोंधळ फक्त आपल्याच पोरांचा नाही बरं. फेंडर कंपनीच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर जो दांडा आहे त्याला कंपनीने ट्रेमोलो नाव दिलं, आणि तो बदलतो सूर! व्हायोलिनवर मात्र मॉन्टेवेर्दी या इटालियन संगीतकाराने १६२४ मध्येच व्हेनिसला एकच सूर झपाट्याने वाजवायला लावून लढाईचा आवेश उभा केला होता.

आता हात. मेंडोलिनचा आवाज छेडल्याबरोबर विझतो, म्हणून हा खटाटोप. पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चपटी पट्टी, अंगठा आणि तर्जनीत धरा, पण आवळू नका. टोक जेमतेम बाहेर. हात धुतल्यावर टॉवेल सापडला नाही की पाणी कसं झटकता? मनगट तसं सैल हवं. कोपर हललं की दोन मिनिटांत दंड भरून येतो. पिक तारेवर सपाट न टेकवता किंचित तिरका ठेवा, म्हणजे अडकत नाही, घसरतो.

मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, ६० वर लावा, म्हणजे मिनिटाला ६० ठोके. एका ठोक्यात चार आघात: खाली, वर, खाली, वर. तारा जोडीने असतात आणि वर येताना एकच तार लागते, ही सगळ्यांची चूक. तेव्हा वरचा आघात वेगळा घासा, दोन्ही तारा बोलेपर्यंत. मग ७०, मग ८०. घाई करू नका. आमचा गडी तिसऱ्या दिवशी १२० वर गेला आणि पिक उडून थेट कूलरच्या टाकीत!

झालं की नाही कसं ओळखायचं? फोन दुसऱ्या खोलीत रेकॉर्डिंगला ठेवून वाजवा. ऐकताना टकटक वेगळी मोजता आली, तर मुकाट्याने परत ६० वर.