न्यू जर्सीत चाइल्ड स्टडी टीममध्ये काम करायचंय? आधी ‘चाइल्ड फाइंड’ समजून घ्या

भारतात बी.एड. करून, काही वर्षं शिकवून इकडे आलेल्या मैत्रिणी हमखास विचारतात, “स्पेशल एज्युकेशनमध्ये शिरायचं तर कुठला कोर्स करू?” कोर्सबद्दल पुढे सांगतेच. चाइल्ड स्टडी टीम म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांची तपासणी करणारी शाळांमधली तज्ज्ञांची टीम. पण तिचं काम नेमकं कुठून सुरू होतं, ते आधी ऐका. मुलाला मदत हवी आहे हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं, आणि ते हुडकून काढण्याची जबाबदारी इथल्या कायद्याने शाळांच्या डिस्ट्रिक्टवर, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेवर, टाकली आहे. पालकांनी दार ठोठावेपर्यंत वाट बघत बसायची मुभा डिस्ट्रिक्टला नाही. या जबाबदारीला ‘चाइल्ड फाइंड’ म्हणतात.

याला इतिहास आहे. १९७०च्या आधी अपंग मुलाला “आमच्याकडे याची सोय नाही” म्हणून परत पाठवणं अनेक राज्यांत सर्रास चालायचं. पेनसिल्व्हेनिया आणि वॉशिंग्टन डी.सी. इथल्या पालकांनी कोर्टात लढून १९७२मध्ये ते मोडून काढलं आणि १९७५मध्ये देशभरासाठी कायदा आला. त्याचंच आजचं रूप म्हणजे ‘आयडिया’ (IDEA) हा अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा. तीन ते एकवीस वर्षांची मुलं त्यात येतात. तीनपेक्षा लहान बाळांसाठी न्यू जर्सीत आरोग्य खात्याचा अर्ली इंटरव्हेन्शन विभाग आहे. खासगी शाळेतली, बेघर कुटुंबातली, फॉस्टर केअरमधली, शेतमजुरीसाठी राज्याराज्यांत फिरणाऱ्यांची मुलं, सगळी या शोधात धरायची. शिवाय मूल दरवर्षी पास होतंय, एवढ्यावर त्याला वगळता येत नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे.

नव्याने आलेल्यांची गाडी अडते ती एका जागी. आपल्याकडून नकळत आधी पुरावा मागितला जातो. “डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे का? अजून थोडं बघू या, पुढच्या इयत्तेत सुधारेल.” कायदा मात्र विचारतो की शंका घ्यायला रास्त कारण आहे का. पुरावा शोधायला तर पुढची सगळी तपासणी असते. हा फरक अंगात मुरला की अर्धं काम शिकल्यासारखं आहे.

शंका कुठूनही येते. किंडरगार्टनच्या प्रवेशावेळची चाळणी, वर्गशिक्षिकेची नोंद, मुलांच्या डॉक्टरची चिठ्ठी, आईचा ईमेल. बऱ्याचदा शिक्षिका आधी शाळेच्या ‘आय अँड आर एस’ (I&RS) समितीकडे, म्हणजे अडचणीतल्या मुलाला वर्गात काय मदत द्यायची हे ठरवणाऱ्या समितीकडे, जाते आणि वर्गातच काही आठवडे जादा मदत देऊन बघितली जाते. ही पद्धत चांगली आहे, फक्त तिची ढाल करता येत नाही. “आधी आमचे उपाय संपू देत, मग तपासणी” असं सांगून पालकांची विनंती लांबवू नका, असं केंद्राच्या शिक्षण खात्याने २०११मध्ये राज्यांना लेखी कळवलं होतं. तरी स्टाफरूममध्ये हे वाक्य अजून ऐकू येतं.

पालकांची लेखी विनंती आली की घड्याळ सुरू. तोंडी बोलणं हवेत विरतं, म्हणून मी प्रत्येक पालकाला तारीख घालून लिहून द्यायला सांगते. न्यू जर्सीत त्यानंतर २० दिवसांच्या आत बैठक घ्यावी लागते. तपासणी करायची की नाही, करायची तर कोणकोणती, हे तिथे ठरतं. नकार द्यायचा असेल तर कारणांसह लेखी द्यावा लागतो. पालकांची लेखी संमती मिळाल्यापासून ९० दिवसांत तपासणी, मूल स्पेशल एज्युकेशनला पात्र आहे का याचा निर्णय आणि पात्र ठरल्यास आयईपी (त्या मुलासाठी आखलेला शिक्षणाचा लेखी आराखडा) लागू करणं, सगळं उरकायचं. तपासणी टीममधल्या किमान दोघांनी करायची. शाळेची नर्स कान-डोळे तपासते. ही पायरी किरकोळ समजू नका. लक्ष देत नाही म्हणून पाठवलेल्या मुलाला कधी कधी नीट ऐकूच येत नसतं. पात्रतेच्या बैठकीच्या किमान दहा दिवस आधी सगळे अहवाल पालकांच्या हातात पडायला हवेत. अहवाल लिहिताना हे दहा दिवस मोजायला शिका, नाहीतर ९० दिवसांचं गणित कोलमडतं.

आता मराठी माणसाचा खरा उपयोग होतो ती बाजू. एडिसन, जर्सी सिटी या पट्ट्यात घरी मराठी, गुजराती, तेलुगू बोलणारी मुलं भरपूर. इंग्रजी कच्चं असणं म्हणजे अपंगत्व नव्हे, आणि मुलाची अडचण मुख्यतः इंग्रजी न येण्यामुळे असेल तर त्याला पात्र ठरवता येत नाही, असा नियम आहे. त्यामागे कॅलिफोर्नियातला १९७०चा डायना खटला आठवावा. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धी इंग्रजीतून मोजून त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. पण याच नियमाचा उलटा गैरवापरही होतो. “इंग्रजी शिकतोय ना, दोन वर्षं थांबू” म्हणत खऱ्या अडचणीच्या मुलाला लटकत ठेवलं जातं.

मग ओळखायचं कसं? माझा पहिला प्रश्न मराठीबद्दल असतो. हा मराठीत गोष्ट सांगतो का? आजीशी फोनवर बोलताना वाक्य पुरं करतो का? भावंडं याच वयाची असताना कशी बोलायची? केवळ इंग्रजीतच अडणारं मूल आणि दोन्ही भाषांत अडणारं मूल, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. अमेरिकेतल्या चाचण्यांचे गुण इंग्रजी, काही ठिकाणी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांवर बेतलेले असतात. तीच चाचणी तिथल्या तिथे मराठीत करून घेतली तर येणारा आकडा ठोस मानता येत नाही. अशा वेळी अहवालात आकड्यापेक्षा वर्णन लिहा: काय विचारलं, मुलाने कोणत्या भाषेत काय उत्तर दिलं, कुठे थबकला. दुभाषी म्हणून बसवलं तर जीभ आवरा. समोर आपलं गोडुलं मूल असतं, उत्तर अडलं की “अरे, आठव ना, काल बघितलंस ते” असं सहज निघून जातं आणि चाचणी वाया जाते. आपल्याच नात्यातल्या किंवा ओळखीच्या घरचं मूल असेल तर सरळ नाही म्हणा.

आपल्या घरांतलं एक हुकमी वाक्य म्हणजे “याचे बाबाही उशिराच बोलायला लागले.” त्यावर वाद घालू नये, वहीत लिहून घ्यावं. कौटुंबिक इतिहास म्हणून ते कामाची माहिती देतं. आणखी एक आपल्याकडचा प्रकार: हुशार मूल, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) आहे, पण आई रोज संध्याकाळी शेजारी बसून धडे पाठ करून घेते, वर शनिवारची शिकवणी. शाळेत ‘बी’ ग्रेड येते, कुणाला शंका येत नाही. गुण बघून हे कळणार नाही. घरी गृहपाठाला किती वेळ लागतो ते विचारा. पालकांना धास्ती असते शिक्का बसण्याची, मंडळात चर्चा होण्याची, ग्रीन कार्डला नडण्याची. शाळेची कागदपत्रं पालकांच्या संमतीशिवाय सहसा कुणाला देता येत नाहीत, हे पहिल्याच भेटीत शांतपणे सांगितलं की निम्मा ताण उतरतो.

टेक्ससचं प्रकरणही माहीत असू द्या. २००४पासून तिथल्या राज्य खात्याने स्पेशल एज्युकेशनमधल्या मुलांसाठी साडेआठ टक्क्यांचा मापदंड ठेवला होता. त्याहून वर जाणाऱ्या डिस्ट्रिक्टकडे संशयाने बघितलं जाई, मग डिस्ट्रिक्टनी मुलं शोधणंच आवरतं घेतलं. २०१६मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकलने हे बाहेर काढलं आणि २०१८मध्ये केंद्राने कायदाभंगाचा ठपका ठेवला. आज देशभर साधारण १५ टक्के मुलांना ही सेवा मिळते. तुमच्या वरिष्ठांनी “आपला टक्का फार वाढलाय” असं म्हटलं तर हा किस्सा आठवा.

आता शिरकाव. टीममध्ये तिघं असतात: स्कूल सायकॉलॉजिस्ट, स्कूल सोशल वर्कर आणि एलडीटीसी (LDT-C), म्हणजे शिकण्यातल्या अडचणींची शिक्षक-सल्लागार. शिक्षकी पार्श्वभूमी असेल तर एलडीटीसी हा सरळ रस्ता: शिक्षकाचं प्रमाणपत्र, मास्टर्स, तीन वर्षं शिकवल्याचा अनुभव आणि ठरावीक अभ्यासक्रम. भारतीय पदवीचं विषयवार मूल्यमापन करून घ्या, नुसती समकक्षता पुरत नाही. एच-४वर (नवरा किंवा बायको एच-१बीवर असताना मिळणाऱ्या व्हिसावर) असाल तर ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड, हातात आल्याशिवाय पगारी काम नको. परवानगी असेल तर पॅराप्रोफेशनल (वर्गातली मदतनीस) किंवा सब्स्टिट्यूट (बदली शिक्षिका) म्हणून शिरा. पगार बेताचा, पण एकेक मूल दिवसभर जवळून बघायला मिळतं, आणि मुलाखतीत त्याबद्दल बोलता येतं.

नोकरी पक्की करताना कंत्राट दहा महिन्यांचं की बारा महिन्यांचं, ते विचारून घ्या. उन्हाळ्याची सुट्टी त्या २० आणि ९० दिवसांतून वगळत नाहीत. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आईचा ईमेल आला की जुलैत बैठक लावावीच लागते. दहा महिन्यांवाल्यांना त्या दिवसांचे पैसे वेगळे मिळतात का, हेही लेखी घ्या.