गाइड आहे ना? तरीही बीजिंगमध्ये या चुका टाळा

बीजिंगमध्ये एक दिवसाचा गाइड ठरवला की आपली मंडळी एकदम निर्धास्त होतात. आम्हीही झालो होतो. गाइड भाषा सांभाळतो, गाडीचं बघतो. पण पासपोर्ट, फोन आणि पोट ही खाती आपलीच. दिवसाचा विचका होतो तो बहुतेक यांच्यापायीच.

फॉरबिडन सिटी, म्हणजे चिनी सम्राटांचा जुना राजवाडा, सोमवारी बंद असते, सरकारी सुट्टीचा सोमवार सोडला तर. बाकीच्या दिवशीही ऐनवेळी तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका. बुकिंग सात दिवस आधी ऑनलाइन उघडतं आणि ते पासपोर्ट नंबरावर होतं, त्यामुळे गाइडने पासपोर्टचा फोटो मागितला की ‘उद्या पाठवतो’ म्हणू नका. मध्येच पासपोर्ट नवा केला असेल तर नवा नंबर आठवणीने कळवा. तिआनानमेन चौकासाठी वेगळी नोंदणी लागते. दोन्हीकडे मूळ पासपोर्ट तपासतात. तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून झेरॉक्स घेऊन गेलात, तर चूक गाइडची नाही. १ ते ७ ऑक्टोबर हा राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीचा आठवडा तर टाळलेलाच बरा.

दुसरी हौस म्हणजे राजवाडा आणि चीनची भिंत एकाच दिवशी उरकायची. भिंतीचा मुतियान्यू हा भाग शहरापासून साधारण ७० किलोमीटरवर आहे; जाण्यायेण्यातच तीन-चार तास जातात. राजवाड्यात दक्षिणेच्या दारानेच आत जायचं आणि उत्तरेकडे निघायचं, जवळपास एक किलोमीटर, तेही फरशीवरून आणि पायऱ्यापायऱ्यांनी. आल्या वाटेने परत फिरता येईल हे गृहीत धरू नका. गुडघे दुखणारं कुणी असेल तर हे आदल्या दिवशीच बोलून घ्या आणि गाडी उत्तरेकडे बोलवा. अंगात दम असेल तर समोरची जिंगशान टेकडी चढा. पिवळ्या कौलांचा सगळा पसारा तिथून एका नजरेत येतो.

सहल संशयास्पद स्वस्त असेल, तर उरलेले पैसे जेड, रेशीम नाहीतर चहाच्या दुकानातल्या कमिशनमधून निघणार हे ओळखा. २०१३च्या पर्यटन कायद्याने अशी जबरदस्तीची खरेदी बंद केली आहे, तरी ‘दहाच मिनिटं, टॉयलेटसाठी’ म्हणत गाडी वळतेच. ‘दुकानं नकोत’ हे बुकिंग करतानाच मेसेजमध्ये लिहून घ्या. गाइड गेल्यावर वांगफुचिंग या खरेदीच्या रस्त्यावर इंग्रजीचा सराव करायचाय म्हणून गोड बोलत चहाला नेणारे भेटले तर हसून पुढे चालू लागा. त्या चहाचं बिल फार महागात पडतं.

पैशांचं म्हणाल तर यूपीआयची सवय घरी ठेवा. अलीपे हे चिनी पेमेंट अ‍ॅप घरूनच डाउनलोड करा, आंतरराष्ट्रीय वापर सुरू असलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो, म्हणून रोमिंग चालू हवं. थोडे युआन खिशात असू द्या.

आता जेवण. आमच्या गाइडला आम्ही ‘व्हेज’ एवढंच सांगितलं होतं. फिरत्या टेबलावर परतलेली फरसबी आली, दिसायला अगदी घरच्यासारखी. काकूंनी दोन घास खाल्ले, मग त्यातला तपकिरी कण चमच्यावर घेऊन विचारलं, “हे सोयाबीन का रे?” तो डुकराचा खिमा होता. चिनी भाषेत नुसतं ‘मांस’ म्हटलं की बहुधा डुकराचंच समजतात. त्यामुळे ‘मांस नको’ म्हटल्यावरही कोळंबी, चिकनचं पाणी किंवा ऑयस्टर सॉस येऊ शकतो. मापो टोफू या टोफूच्या तिखट भाजीतही खिमा असतो. म्हणून मांस, मासे, अंडं, रस्सा, चरबी यांतलं नेमकं काय काय नको, ते गाइडकडून चिनीत लिहून घ्या आणि फोनवर ठेवा. ती स्क्रीन स्वयंपाक्यापर्यंत पोचली पाहिजे.

जैन किंवा कांदा-लसूण न खाणारं कुणी असेल तर बौद्ध शाकाहारी हॉटेल विचारा. त्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य आहे. खाणाऱ्यांनी भाजलेलं बदक अर्धं मागवावं. पातळ पोळी, काकडी, पातीचा कांदा आणि गोडसर सॉस यांनीच पोट भरतं.

आणि भात, म्हणजे ‘मीफान’, पहिल्याच ऑर्डरला आताच आणा म्हणून सांगा. आमचा आला तो भाज्या संपल्यावर, आणि काकूंनी तोवर पर्समधला बिस्किटांचा पुडा फोडला होता.