भूमिगत कोळसा खाण आणि गावची विहीर : ठाण्यात राहून पाण्याची राखण कशी करावी

ठाण्यात आणि नवी मुंबईत नोकरीनिमित्त स्थायिक झालेली वैदर्भीय कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांपैकी चंद्रपूर, यवतमाळ किंवा नागपूर जिल्ह्याच्या कोळसापट्ट्यातून आलेल्यांच्या घरी गावाकडचा फोन आला की पिकापाण्याबरोबर खाणीचा विषय निघतोच. माझ्या आजोळची विहीर एका उन्हाळ्यात आटली आणि पुन्हा पूर्वीसारखी भरली नाही. ती खाणीमुळे आटली की कमी पावसामुळे, हे आज कोणालाही सांगता येत नाही, कारण आटण्यापूर्वी तिच्यात किती पाणी राहत असे हे आमच्यापैकी कोणीही लिहून ठेवले नव्हते. म्हणून ज्यांच्या गावाखाली खाण येऊ घातली आहे त्यांनी सर्वांत आधी वही उघडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मोजायचे काय हे कळण्यासाठी जमिनीखाली काय घडते ते समजून घ्यावे लागते. विदर्भातील कोळसा बराकार थरांत सापडतो आणि अनेक ठिकाणी त्याच्या वर कामठी वालुकाश्म असतो, जो पाणी धरणारा उत्तम थर आहे. ठाण्याच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि मुरमात असते, तर वालुकाश्मात ते कणांमधल्या पोकळ्यांत साठते. त्यामुळे खाण कोरडी ठेवण्यासाठी रात्रंदिवस चालणाऱ्या पंपांचा परिणाम दूरच्या विहिरींपर्यंतही पोहोचू शकतो. दुसरा धोका खांबांचा आहे. आधी कोळशाचेच खांब ठेवून गॅलऱ्या (जमिनीखालची भुयारे) खोदतात, आणि पुढे ते खांबही काढून घेतले की छत कोसळते, वरचे थर भेगाळतात आणि जमीन खचते. छत तसेच कोसळू दिले, तर काढलेल्या थराच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक खोलीपर्यंत जमीन खचू शकते. तीच पोकळी पाण्याबरोबर आत वाळू सोडून नीट भरली, तर हे प्रमाण साधारण ५ टक्क्यांपर्यंत खाली येते.

नोंदीसाठी किमान चार विहिरी निवडाव्यात : दोन खाणीच्या हद्दीतल्या, एक हद्दीच्या कडेची (जमिनीला ताण बसून भेगा बहुधा कडेलाच पडतात) आणि एक खाणीपासून पुष्कळ दूरची, पण त्याच प्रकारच्या खडकातली. ही दूरची विहीर अजिबात वगळू नये. पाऊस कमी झाला तर चारही विहिरी खाली जातील. दूरची टिकून राहिली आणि जवळच्या खाली गेल्या, तर कारण पावसाबाहेर शोधावे लागेल. सोबत आपल्या महसूल मंडळातील पावसाचे आकडेही लिहून ठेवावेत. कृषी विभागाच्या संकेतस्थळावर ते ठाण्यात बसूनही पाहता येतात.

मोजण्याची रीत सोपी आहे. कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करावी आणि प्रत्येक वेळी तिथूनच वजन बांधलेली टेप सोडावी. टेपच्या खालच्या भागाला खडू फासला म्हणजे ती कुठपर्यंत भिजली ते स्पष्ट दिसते. मोजणी पहाटे, मोटार सुरू होण्यापूर्वी करावी, आणि तारीख, वेळ, खोली व आदल्या दिवशी मोटार किती वेळ चालली हे तिथेच उभे राहून लिहावे. मी ही सवय आमच्या ठाण्यातील सोसायटीच्या जुन्या विहिरीवर केली आणि मग भाच्याला फोनवर शिकवली. आता तो दर पंधरवड्याला टेपचे छायाचित्र पाठवतो आणि मी आकडे तक्त्यात भरते. आपण शहरातली माणसे गावी जातो ती बहुधा मे महिन्यात आणि दिवाळीत, आणि योगायोगाने पावसाळ्यापूर्वीची व पावसाळ्यानंतरची अशा दोन सर्वांत महत्त्वाच्या नोंदी त्याच सुमारास घ्यायच्या असतात. त्या आपण स्वतः घ्याव्यात.

वर्षातून दोनदा पाणी तपासून घ्यावे. नमुना ठाण्याला आणण्याचा मोह टाळावा, कारण रात्रभराच्या प्रवासात विरघळलेले लोह तळाशी बसते आणि सामूही (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते दाखवणारा pH) बदलतो. जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच तो द्यावा. सामू, एकूण विरघळलेले क्षार, कठीणपणा, सल्फेट आणि लोह हे घटक तरी असावेतच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार सामू ६.५ ते ८.५ असावा, आणि विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानतात. सल्फेट वर्षागणिक वाढत असेल, तर कोळशातील गंधकयुक्त खनिजांना हवा लागून ते पाण्यात उतरत असण्याची शंका घ्यावी.

आता कागदपत्रे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीच्या किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. ज्यांना सुनावणीला जाता येत नाही त्यांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी म्हणणे पाठवता येते, आणि इथे ठाणेकरांचा खरा उपयोग आहे : केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरील अहवाल शोधावा, त्यातील विहिरींची यादी आपल्या वहीशी ताडून पाहावी आणि वगळलेल्या विहिरी नावानिशी कळवाव्यात. नाला, तलाव आणि गावठाण यांच्याखालचे खांब काढू नयेत, अन्यत्र पोकळी वाळूने भरावी, भूजलपातळी मोजणाऱ्या नळ्या गावाच्या बाजूलाही बसवाव्यात आणि विहिरी आटल्यास पर्यायी पाणी कोणी, किती दिवसांत द्यायचे हे लिहून द्यावे, अशा नेमक्या मागण्या कराव्यात. उपसलेले पाणी नाल्यात सोडून वाया घालवू नये, हीही मागणी हवी. नागपूरजवळच्या पाटणसावंगी खाणीतील पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीबंद केले गेले आहे, तेव्हा ते वापरता येतच नाही असे कोणी म्हणू शकत नाही.

मंजुरी मिळाल्यावर खाणीला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो मिळवून त्यातील पातळ्या आपल्या नोंदींशी जुळवाव्यात. अहवाल सापडत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा.

विहीर महिनोनमहिने हळूहळू उतरत असेल, तर उपशाचा संशय घ्यावा. काही दिवसांतच पाणी गेले आणि शेतात भेगा दिसल्या, तर जमीन खचत असण्याची शक्यता मोठी असते; अशा वेळी भेगेजवळ कोणीही जाऊ नये, दुरूनच छायाचित्रे घ्यावीत आणि पावसाळ्यापूर्वी त्या भेगा चिकणमातीने ठासून भरून घेण्यासाठी खाणीला व तहसीलदारांना त्याच दिवशी लेखी कळवावे. नाल्याच्या पात्रातली भेग उघडी राहिली, तर पहिल्याच पुराचे पाणी खाली उतरते.

खाण बंद झाली म्हणजे मोजणी थांबवू नये. पंप थांबल्यावर जुन्या गॅलऱ्या पाण्याने भरत जातात आणि तांबूस, लोहयुक्त पाणी काही वर्षांनीही विहिरीत किंवा नाल्यात प्रकट होऊ शकते. कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार खाण बंद करतानाच्या कामांसाठी एस्क्रो खात्यात (ठरलेल्या कामासाठीच राखून ठेवलेल्या बँक खात्यात) पैसे ठेवावे लागतात, त्यामुळे तेव्हाही दाद मागता येते. वहीची एक प्रत दरवर्षी ग्रामपंचायतीत देऊन आवक क्रमांक घ्यावा आणि दुसरी प्रत ठाण्यातल्या घरी ठेवावी.