यक्षी, शालभंजिका, ड्रायड: या चुका टाळा

ग्रुपवर कोणीतरी मूर्तीचा फोटो टाकतो, झाडाखाली बाई उभी दिसली की खाली लिहून मोकळा, "सुंदर अप्सरा". झाडाकडे बघायचं नाहीच म्हणजे. अर्ध्या चुका इथूनच निघतात. यक्षी म्हणजे आपल्याकडची झाडापाण्याची लोकदेवता, शालभंजिका म्हणजे झाडाची फांदी धरून वाकवणाऱ्या बाईची मूर्ती, आणि ड्रायड म्हणजे ग्रीकांची वनदेवी.

सगळ्यात जास्त डोकं फिरवते ती अशोकाची चूक. चित्र काढायला बसले की पोट्टे बंगल्यांच्या कंपाउंडला लागून उभं असलेलं ते उंच सडसडीत झाड काढतात. तो आसुपालव, खोटा अशोक. त्याच्या फांद्या खोडाला धरून खाली लोंबतात, शालभंजिका बिचारी वाकवणार काय? खरा सीतेचा अशोक बुटका, पसरलेला, केशरी-लाल गुच्छ फांदीला आणि खोडालाही येतात. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर होता तो आपला रामटेक असं बरेच अभ्यासक मानतात, आणि तोच यक्ष घरच्या बागेबद्दल सांगतो की तांबड्या अशोकाला त्याच्या बायकोच्या डाव्या पायाचा स्पर्श पाहिजे आणि बकुळीला तिच्या तोंडची मदिरा. झाडाचे डोहाळे पुरवायचे हो! म्हणून पाय काढताना डावा, आणि काढायच्या आधी खरं पान-फूल समोर ठेवा. मी तर झाड पूर्ण झाल्याशिवाय बाईला हातच लावू देत नाही. घाईवाल्यांना आधी डोळे आणि दागिने पाहिजेत, नाहीतर एआयकडून इमेज काढून घेतात, तिला बोटं सहा आणि झाडाला पानं कोणाची तर देवाला माहीत.

दुसरी चूक, फांदी धरली म्हणजे यक्षीच. एका कॉलेजच्या प्रदर्शनात यक्षींच्या बोर्डावर गांधार शैलीतला एक फोटो लागला होता, मोठ्या अक्षरात "वृक्षदेवता". पांढऱ्या साडीतल्या एक आजी बराच वेळ बघून राहिल्या आणि मग शांतपणे पोराला म्हणे, "बाबू, हे आमची महामाया आहे ना रे, उजव्या कुशीतून बाळ येऊन राहिलं, दिसत नाही का तुले?" बाळ होतंच, झेलायला इंद्र कापड घेऊन उभा होता, आधार द्यायला बहीण प्रजापती होती. दीक्षाभूमीच्या गावात बुद्धजन्माच्या शिल्पावर असं लेबल! पोराने ते क्रॉप केलेल्या फोटोवरून बनवलं होतं, मूळ फोटो उघडायला दोन मिनिटं लागली असती. क्रॉप केलेला फोटो मी वापरतच नाही, पूर्ण पॅनल मिळाला नाही तर लेबल कोरं.

बाकीच्या पटापट.

सांचीच्या पूर्व तोरणावरची प्रसिद्ध बाई सालाच्या झाडाला नाही, आंब्याला लटकली आहे. 1917 मध्ये पाटण्याला सापडलेली दीदारगंजची यक्षी शालभंजिका नाही, तिच्या हातात चवरी आहे, झाड कुठेच नाही.

ग्रीक हमाड्रायडचा (ही ड्रायडचीच एक जात) जीव तिच्या झाडात, झाड मेलं की तीही गेली. आपल्या यक्षीचं तसं नाही, तिला लोक पुजतात, नवस बोलतात, उगाच "भारतीय ड्रायड" लिहू नका. आणि हमाड्रायड गुगल करून जो पहिला फोटो येईल तो चिकटवू नका, त्या नावाचा बबून माकडही आहे आणि जुन्या इंग्रजी पुस्तकात किंग कोब्रालाही तेच म्हणतात. 'यंगर ड्रायस' म्हणजे कोणी तरुण वनदेवी नव्हे भाऊ, तो साधारण 12,900 ते 11,700 वर्षांपूर्वीचा थंडीचा काळ, ड्रायस नावाच्या थंड प्रदेशातल्या छोट्या फुलझाडावरून पडलेलं नाव.

आणि नागपूरच्या अंबाझरीला मलबार ट्री निम्फ दिसलं म्हणणाऱ्यांनो, ते फुलपाखरू पश्चिम घाटातलं आहे, पंख पसरले की 12 सेंटीमीटरच्या पुढे. तुम्ही पाठवता ते तर अर्ध्याहून लहान असते.