पॅटर्न मासिकाचे वर्षभराचे अंक एकदा बसून कसे चाळायचे आणि त्यातलं शिवायचं काय

पॅटर्न मासिकाचे, म्हणजे ज्यात कपड्यांची पेपर कटिंग येतात त्याचे, वर्षाचे बारा अंक कपाटात पडलेत, प्रत्येकात दोन-चार पानांचे कोपरे "हे नक्की शिवणार" म्हणून दुमडलेत आणि शिवून झालंय एखादंच, असं ज्यांचं आहे त्यांच्यासाठी हे. मी बुर्डावरून सांगते कारण आपल्याकडं पॅटर्न मासिक म्हटलं की बहुतेकींकडं तेच असतं, कुणाची भाची जर्मनीहून आणते, कुणी जुने अंक गोळा करतं, कुणी पीडीएफ घेऊन ए-फोर कागद चिकटवत बसतं. फिनलंडचं ओटोब्रे असेल तरी पद्धत हीच.

एक आधी डोक्यात घ्या. बुर्डा काही कालचं मासिक नव्हे, एने बुर्डा बाईंनी १९५० च्या जानेवारीत जर्मनीत ऑफेनबुर्गमधनं काढलं आणि १९५२ पासनं आत पॅटर्नचा कागद यायला लागला, म्हणजे एवढी वर्षं त्यांचं हेच काम चाललंय, कटिंगला सहसा नाव ठेवायला जागा नसते. घोळ होतो तो दुसरीकडंच. ते कटिंग तिकडच्या हवेसाठी, तिकडच्या उंचीसाठी आणि तिकडच्या पन्ह्यासाठी, म्हणजे कापडाच्या रुंदीसाठी असतंय. त्यामुळं वर्षाचे अंक तपासताना डिझाइन छान आहे का हे सगळ्यात शेवटी बघायचं.

सुरुवात फोटोंपासनं अजिबात करू नका. मॉडेल अर्धी वळून उभी असते, हात खिशात, पर्स बरोब्बर कंबरेवर, आणि कापड काळं असेल तर शिलाई कुठं आहे हे देवालाच माहीत. थेट रेघांनी काढलेल्या चित्रांच्या पानावर जायचं. तिथं टक्स (मापात बसावं म्हणून घातलेल्या शिवलेल्या चिमट्या) कुठं आहेत, चेन पाठीत की बाजूला, बाही मुंढ्यात जोडलीय की रॅगलान, म्हणजे गळ्यापासनं तिरकी जोडलेली, सगळं उघडं दिसतं. बाराही अंकांतल्या या पानांचे मोबाईलवर फोटो काढा, शक्य असेल तर प्रिंट काढून एका मोठ्या कागदावर महिन्यांच्या क्रमानं चिकटवा. मग गंमत बघा. एका नंबरखाली ए आणि बी अशी दोन डिझाइन असतात, एकाला बाही, एकाला झालर, खाली बॉडी तीच. मार्चमधला ड्रेस आणि ऑगस्टमधला टॉप शेजारी ठेवले की कळतं, अगं हे तर एकच आहे की, फक्त गळा बदललाय. तसलं पेपर कटिंग तुमच्याकडं आधीच असेल तर बिनधास्त फुली मारा, झालर आपली आपण लावता येते.

मग हवामान. त्यांच्या हिवाळी अंकातले अस्तराचे जाड लोकरी कोट कोल्हापुरात घालायचे कधी? डिसेंबरात पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाताना स्वेटर पुरतो. पण अंकच्या अंक बाजूला टाकू नका, त्याच अंकात पूर्ण बाहीचे ब्लाऊज असतात, बिनअस्तराचं जॅकेट डेनिममध्ये छान होतं, आणि वर्षाअखेरचे पार्टीचे ड्रेस आपल्या लग्नसराईला चालतात. त्यांचे उन्हाळ्याचे अंक येतात तेव्हा आपल्याकडं पाऊस लागलेला असतो, म्हणून ते बाजूला ठेवायचे आणि होळीच्या आधी काढायचे. पावसात मात्र जाड कॉटनचं आणि खूप घेराचं काही शिवायला घेऊ नका, जुलैत इथं वाळतंय कुठं.

मापाचं नीट वाचा, इथं लई जणी फसतात. आपल्या दुकानात ३८ ची कुर्ती म्हणजे छाती ३८ इंच. बुर्डाचा ३८ म्हणजे छाती ८८ सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेचौतीस इंच! ३८ इंच छातीला बुर्डाचा ४२ लागतो, त्याची छाती ९६ सेंटीमीटर. त्यामुळं अंकातल्या प्रत्येक डिझाइनशेजारी ते कुठल्या साइजपर्यंत आहे ते लिहून काढा, कित्येक आवडती डिझाइन इथंच गळतात आणि बरंच होतं. दुसरं म्हणजे उंची. त्यांचा नेहमीचा पॅटर्न १६८ सेंटीमीटर म्हणजे साडेपाच फुटी बाईसाठी काढलेला असतो. आपण पाच-दोन असलो तर नुसतं खालून कापून भागत नाही, कंबरच खाली येते. बॉडीवर जिथं कमी-जास्त करायची रेघ दिलेली असते तिथं घडी घालून उंची कमी करायची, मग बाहीची, मग खालची. मधेमधे १६० सेंटीमीटर उंचीसाठी वेगळं डिझाइन असतं, ते दिसलं की त्यावर डबल टिक.

आता पन्हा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मासिकात बहुतेक ठिकाणी कापडाचा हिशोब १४० सेंटीमीटर पन्ह्यावर असतो. आपण कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला किंवा महाद्वार रोडला जाऊन इचलकरंजीची पॉपलीन, केंब्रिक घेतो, पन्हा ४४ इंच, कधी ३६. ढोबळ हिशोब असा की ४४ ला सव्वापट कापड धरा आणि ३६ ला दीडपटीच्या वर, म्हणजे मासिकात २ मीटर असेल तर अडीच मीटर किंवा तीन मीटरच्या पुढं. पण नुसत्या गुणाकारावर जाऊ नका. १४० चं कापड दुमडलं की ७० सेंटीमीटर रुंदी मिळते, ४४ इंची दुमडलं की ५६ च्या आसपास, ३६ इंची दुमडलं की जेमतेम ४५. घेरदार स्कर्टचा अर्धा भाग ६५ सेंटीमीटर रुंद असेल तर ४४ इंची कापड कितीही मीटर घ्या, घडीवर बसणारच नाही, मधे जोड द्यावा लागतो. म्हणून चित्र बघतानाच सगळ्यात रुंद भाग कुठला ते हेरा. कळ्यांचं, तुकड्यांचं, प्रिन्सेस कटचं डिझाइन आपल्या पन्ह्याला सोपं जातं. एकाच मोठ्या तुकड्यातनं किंवा तिरक्या कापडात कापायचं असेल तर मी सरळ सोडून देते, कितीका देखणं असेना. खणाचं कापड तर अजून अरुंद, ते योक, बाही किंवा जॅकेटच्या पॅनेललाच बरं.

इतकं झाल्यावर कागदावर थोडीच डिझाइन उरलेली असतात. आता आवडनिवड करा. सवय नसेल तर अंकात ज्या डिझाइनचे शिवायचे टप्पे चित्रांसकट दिलेले असतात त्यातनं पहिलं निवडा, कारण बाकीच्यांना नुसता मजकूर असतो आणि तो वाचून कॉलर बसवायची म्हणजे डोकं दुखतं. उरलेल्यांतनं एक रोजचा टॉप, एक पँट किंवा स्कर्ट, एक समारंभाचं, एवढं पहिल्या खेपेला बास.

पॅटर्नच्या मोठ्या कागदावर एकावर एक इतक्या रेघा असतात की बघूनच घेरी येते. तो कागद कधीच कापायचा नाही. आपल्या डिझाइनचा रंग कुठला, साइजची रेघ कसली, तुटक की टिंबांची, ते आधी बघायचं, त्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरून पर्मनंट मार्करनं उतरवायचं. ताण्याची रेघ (कापडाची उभी दिशा दाखवणारी), खुणा, टक्स विसरायचे नाहीत. आणि माया, म्हणजे शिलाईसाठी कडेनं सोडायचं जास्तीचं कापड! मासिकातल्या पॅटर्नला साधारणपणे माया धरलेली नसते, सूचनांचं पान बघून दीड सेंटीमीटर शिलाईला आणि खाली दुमडायला ४ सेंटीमीटर आपण सोडायची.

चांगल्या कापडाला कात्री लावायच्या आधी मांजरपाटात बॉडी शिवून अंगावर घालून बघा, आणि खरं कापड आधी धुऊन घ्या, पॉपलीन आटते. बसलं की उतरवलेलं प्लास्टिक पाकिटात घाला आणि वर नंबर, महिना, साल, साइज, आपल्या पन्ह्यात कापड किती लागलं आणि कंबरेवर किती कमी केलं एवढं लिहून ठेवा.