‘लय भारी’वर विसंबून राहिलो होतो

कोल्हापूरच्या सुभाषनगरात आमचा कोल्हापुरी चपलांचा घरचा धंदा आहे. विक्रीसाठी काढलेली साइट कशी वाटली विचारलं की सगळे ‘लय भारी’ म्हणायचे. ऑर्डर मात्र येत नव्हती.

शेवटी विचारणं सोडलं आणि बघायला बसलो. पाच जणांची चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी कळतात, असं वेबसाइट वापरायला किती सोपी आहे हे तपासणारे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 साली मांडलं होतं. तसे पाच जण गाठले. ज्याचा त्याचा मोबाईल, काम एकच: “तुमच्या मापाची कापशी चप्पल मागवा.” मी मध्ये बोलायचं नाही, आणि हेच सगळ्यात अवघड गेलं.

आत्या मापापाशी थांबली. “ह्यातलं माझं कुठलं रे?” अंगठा तीनदा वरखाली झाला, मग तिनं फोन बाजूला ठेवला. पाचांतले चौघे तिथंच अडकले.

आता मापाच्या शेजारीच चित्र आहे: कागदावर पाय ठेवा, टाच आणि अंगठ्याच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण करा, सेंटिमीटर मोजा. खाली तक्ता. फिकट तपकिरी अक्षरं उन्हात वाचता येत नव्हती. साइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून असलेला सुलभतेचा निकष नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान 4.5:1 फरक मागतो, त्याप्रमाणे गडद केली. पहिल्या पानावरचे फिरते फोटो काढूनच टाकले.

महिन्यानं आत्याला पुन्हा बसवलं. माप न विचारता निवडलं तिनं. मग म्हणाली, “चपलेवरची वेणी नीट दिसत नाही. जवळनं फोटो काढ की.” सध्या तेच चाललंय.