कानाने पाहायची भुते : जुन्या कृष्णधवल कार्टूनचा खेळ घरी कसा लावावा

चित्रपट बोलू लागल्यानंतरच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेत जी कृष्णधवल कार्टून निघाली, त्यांत सांगाडे, घुबडे, कबरी आणि पछाडलेली घरे यांची रेलचेल आहे. ती पाहताना अंगावर काटा येतो आणि हसूही फुटते. या दोन्ही गोष्टी संगीताच्या एकाच ठोक्यावर घडतात, हीच या कार्टूनची खरी गंमत होय. म्हणून त्यांचा खेळ घरी लावायचा असेल, तर पडद्याची चिंता नंतर करावी आणि आवाजाची व्यवस्था आधी पाहावी.

जागेचा आणि वेळेचा विचार थोडक्यात उरकता येतो. नाशिकमध्ये दिवाळीनंतरचे दिवस यासाठी सोयीचे असतात, कारण अंधार लवकर पडतो आणि थंडीमुळे मंडळी एकत्र दाटीवाटीने बसतात. कोजागरीला सगळे मसाला दूध प्यायला गच्चीवर जमलेलेच असतात, म्हणून ती रात्र अनेकांना सुचते. परंतु चांदणे आणि शेजारच्या इमारतींचे दिवे मिळून प्रोजेक्टरचा काळा रंग करडा करून टाकतात, आणि करड्या काळोखात भूत दचकवत नाही. पंचवटीतील एखाद्या जुन्या वाड्याचे माजघर मिळाले तर त्याहून चांगली जागा नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी दिवाणखान्याचे पडदे ओढून घ्यावेत, एवढे पुरे.

टीव्हीवर दाखवायचे असल्यास दोन गोष्टी बदलाव्याच लागतात. चित्राचे प्रमाण चारास तीन असेच ठेवावे, अन्यथा सडपातळ सांगाडे पसरट दिसतात. तसेच हालचाल गुळगुळीत करणारी सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. चित्रपटाच्या पट्टीवर सेकंदाला २४ चौकटी असतात आणि कार्टूनमध्ये पुष्कळदा एकच चित्र दोन चौकटींवर टिपलेले असते, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. टीव्ही त्यांच्यामध्ये आपल्या मनाने चित्रे घालतो आणि हाडांचा तो खटका नाहीसा होतो. रंग भरलेल्या आवृत्त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आवाज. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज चित्राच्या मागे पडू शकतो. दोन चौकटींचा काळ म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. तेवढाही उशीर या कार्टूनला सोसत नाही. ढोलपथकात एकाचा ठोका मागे राहिला की नाशिककराच्या कानाला तो ताबडतोब खटकतो, तसेच इथे होते. त्यामुळे स्पीकर वायरनेच जोडावा. मंडळी येण्यापूर्वी एक परीक्षाही करून घ्यावी : ‘द स्केलेटन डान्स’मध्ये एक सांगाडा दुसऱ्याला उभे करून त्याच्या पाठीच्या कण्यावर हाडांनी झायलोफोन वाजवतो, तो भाग लावावा. हाड टेकते त्याच क्षणी स्वर ऐकू आला पाहिजे.

खेळाची सुरुवातही याच कार्टूनने करावी. वॉल्ट डिस्ने यांच्या ‘सिली सिम्फनी’ मालिकेतील हे पहिले कार्टून १९२९ चे असून त्याची लांबी सुमारे साडेपाच मिनिटे आहे. संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांचा आग्रह असा होता की, चित्राच्या मागे संगीत धावण्याऐवजी संगीताच्या मागे चित्राने चालावे. त्यानुसार अब आयवर्क्स यांनी बहुतांश चित्रे काढली. संगीतात ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराच्या एका रचनेचा अंशही आहे. हे कार्टून एकदा नीट पाहावे, दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावे आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून केवळ ऐकावे. आवाजाविना सांगाडे नुसते उड्या मारतात. भीती नाही आणि विनोदही नाही. उलट डोळे मिटल्यावर मांजरीची शेपटी तारेसारखी छेडली जाते ती जागा न पाहता कळते. शेवटी कोंबडा आरवतो, सांगाडे घाईने कबरीत शिरतात आणि दोन पावले बाहेरच राहून जातात. ती आत ओढून घ्यायला एक हाडकुळा हात येतो. लहान मुले हीच जागा पुन्हा लावायला सांगतात, आणि त्यांचे चुकत नाही.

त्यानंतर त्याच काळात कार्टून काढणाऱ्या फ्लायशर बंधूंकडे वळावे. डिस्नेची भुते ठेक्यात नाचतात, तर फ्लायशरांच्या कार्टूनमध्ये सारे जगच पछाडलेले असते. १९३२ च्या ‘मिनी द मूचर’मध्ये जॅझ गायक कॅब कॅलोवे प्रथम आपल्या वाद्यवृंदासह प्रत्यक्ष दिसतात आणि पुढे गुहेतील भूतरूपी वॉलरस त्यांच्याच पदन्यासाने सरकत नाचतो. चित्रित केलेल्या माणसावरून एकेक चौकट गिरवण्याचे रोटोस्कोप हे तंत्र मॅक्स फ्लायशर यांनीच शोधले होते. १९३० चे ‘स्विंग यू सिनर्स’ मात्र रात्रीच्या शेवटी ठेवावे, कारण त्यातील कबरस्तान खरोखरच पाठ सोडत नाही. मुले असतील तर प्रत्येक कार्टून आधी स्वतः पाहून घ्यावे. त्या काळातील काही चित्रांत वंश आणि धर्म यांची थट्टा येते, ती मुलांपुढे का दाखवावी किंवा गाळावी हे ठरवायला वेळ हवा.

मुलांना यामागची रीत समजावून देण्यासाठी दादासाहेब फाळके उपयोगी पडतात. नाशिकला बिऱ्हाड आणण्यापूर्वी त्यांनी रोपट्याची वाढ थोडी थोडी टिपून पडद्यावर झरझर वाढवून दाखवली होती, आणि आगकाड्या हलत्या करण्याचाही प्रयोग त्यांच्या नावावर आहे. हे सांगून झाल्यावर एक जाड वही द्यावी आणि तिच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सांगाड्याचे एकेक चित्र काढायला सांगावे. मोबाइलवरील मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारे साधन) मिनिटाला १२० ठोक्यांवर लावला, तर एका ठोक्यात १२ चौकटी, म्हणजेच ६ चित्रे बसतात. सांगाड्याचा पाय पहिल्या चित्रात जमिनीवर असावा, चौथ्यात सर्वांत उंच आणि सातव्यात पुन्हा जमिनीवर. वहीची पाने अंगठ्याने सोडताना सातवे पान ठोक्यावर आले की सांगाडा नाचू लागतो. नाही आले, तर पाने सोडण्याचा वेग बदलावा, चित्रे खोडू नयेत.